गाडीत दोन सीटच्या मधला कन्सोल घरी बनवायचाय: आधी जागा ठरवा, मटेरियल शेवटी

प्रश्न थोडक्यात असा आहे की गाडी जुनी आहे, पुढच्या दोन सीटच्या मध्ये हँडब्रेक आणि त्याच्या मागं एक उथळ ट्रे, बाकी काहीच नाही. तिथं हात टेकायला आर्मरेस्ट, त्याखाली झाकणाचा खण, दोन कपहोल्डर आणि मोबाईल चार्जिंगची सोय असा कन्सोल घरीच बनवायचाय. ड्रिल, जिगसॉ आणि सँडर हाताशी आहे. विचारलंय की प्लाय घेऊ, थ्रीडी प्रिंट करू की फायबरचा करू, आणि तो खाली फिक्स कसा करू.

मी बरीच वर्षं गाड्यांच्या आतलंच काम करतो, सीट, दाराचे पॅड, आर्मरेस्ट, कन्सोल. आणि हा प्रश्न जवळजवळ प्रत्येकजण मटेरियलपासूनच सुरू करतो. माझं सांगणं असं की मटेरियल सगळ्यात शेवटी ठरवा. दोन सीटमधली ती जागा नुसती बघितली तर रिकामी वाटते पण गाडी चालवताना तिथं किती गोष्टी ये-जा करतात ते बघा, हँडब्रेक वर येतो, गिअर टाकताना कोपर मागं जातं, सीट पुढंमागं होते, बेल्ट लावताना हात बकलपाशी जातो, आणि कार्पेटच्या खाली वायरी, केबली आणि एअरबॅगचा कंट्रोल युनिट असतो. ह्या सगळ्यांची जागा सोडून जी उरते तेवढीच तुमची. ती एकदा नीट कळली की प्लाय का फायबर ह्याचं उत्तर फार अवघड राहत नाही.

तर हँडब्रेकपासून सुरू करा. लोक काय करतात, लिव्हर खाली असताना माप घेतात, मग वर ओढून माप घेतात आणि झालं म्हणतात. पण केबल सैल होत जाते तसा लिव्हर आज जिथं थांबतो त्याच्यापेक्षा वर येऊन थांबायला लागतो, त्यामुळं आजच्या मापाच्या वर अजून चार-पाच क्लिकची जागा सोडा. दुसरं म्हणजे लिव्हर एकटा वर येत नाही, त्याच्याभोवती मूठ असते. लिव्हर पूर्ण खाली असताना मूठ आवळून धरा आणि बघा, बोटांची पेरं खालून बाहेर येतात, अंगठा बटणावर असतो आणि मनगट मागच्या बाजूला खाली झुकतं. ह्या तिन्ही ठिकाणी कन्सोल आडवा यायला नको. मी लिव्हरच्या दोन्ही बाजूंना किमान ३० ते ३५ मिमी मोकळं ठेवतो, आणि मनगट जिथं येतं तिथं बॉक्सची पुढची भिंत सरळ उभी न ठेवता मागं कलती घेतो. घाईत ब्रेक ओढायची वेळ येते तेव्हा कोणी बोटं सांभाळत बसत नाही, म्हणून ह्यात तडजोड नको.

मग सीट. सीट पूर्ण पुढं, पूर्ण मागं, पाठ सरळ, पाठ आडवी, उंची कमीजास्त होत असेल तर दोन्ही टोकं, असं सगळं दोन्ही सीटचं करून बघा. सीटच्या आतल्या कडेला प्लास्टिकचं कव्हर असतं आणि काही गाड्यांत पाठ कलती करायचा नॉब पण आतल्याच बाजूला असतो, तो फिरवायला बोटं जायला हवीत. सीट आणि कन्सोलमध्ये १० ते १२ मिमी फट ठेवा. ह्यापेक्षा कमी ठेवली तर फोम दाबला जाऊन सीट घासते, रेक्झिन तिथंच फाटतं, आणि जास्त ठेवली तर मोबाईल नेमका त्याच फटीत पडतो. बेल्टचं बकल तर एका हातानं, न बघता लागलं पाहिजे आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे न बघता सुटलं पाहिजे. लाल बटण कन्सोलच्या भिंतीआड जात असेल तर डिझाइन बदला, बकल ओढूनताणून दुसरीकडं वळवू नका.

ऑटोमॅटिक गाडी असेल तर गिअर लिव्हरच्या शेजारी एक छोटं झाकण असतं, त्याखाली शिफ्ट लॉक सोडायची खाच असते, बॅटरी उतरल्यावर गाडी ढकलायची तर तीच कामाला येते, ती झाकू नका. मागच्या सीटसाठी एसीची हवा मधून जात असेल तर ते डक्टही बघून घ्या.

आता कार्पेटच्या खालचं, आणि हे जरा नीट वाचा. बऱ्याच गाड्यांत एअरबॅगचा कंट्रोल युनिट नेमका मधल्या उंचवट्यावर, गिअरच्या पुढं किंवा हँडब्रेकच्या आसपास बोल्टनी आवळलेला असतो. त्याच्याच आत धडक ओळखणारा सेन्सर असतो, म्हणून तो बॉडीला घट्ट आणि ठरलेल्या दिशेनं बसवलेला असतो. त्याच्या बोल्टवर तुमचा ब्रॅकेट चढवायचा नाही, त्याच्यावर काही टेकवायचं नाही, त्याच्या बोल्टवरून चार्जरचं अर्थिंग घ्यायचं नाही आणि शेजारी हातोडी मारायची नाही. पिवळे कनेक्टर किंवा पिवळ्या टेपमधली वायर दिसली की ती एअरबॅगची किंवा बेल्ट खेचणाऱ्या यंत्रणेची समजा, त्यात जोड मारणं किंवा टेस्ट लॅम्प लावणं अजिबात नको. ट्रे उघडायच्या आधी इग्निशन बंद करून बॅटरीचा निगेटिव्ह काढा आणि मॅन्युअलमध्ये जेवढा वेळ थांबायला सांगितलाय तेवढं थांबा, मॅन्युअल हाताशी नसेल तर १० मिनिटं धरा, कारण बॅटरी काढली तरी युनिटमधल्या कपॅसिटरमध्ये थोडा वेळ चार्ज राहतो. हायब्रिड गाडीत नारिंगी केबल दिसली तर ती हाय व्होल्टेजची, तिथून हात लांब. आणि काही नव्या गाड्यांमध्ये ड्रायव्हर सीटच्या आतल्या कडेतून दोन सीटच्या मध्ये उघडणारी एअरबॅग असते, अशी असेल तर तिथं उंच बॉक्स करायचाच नाही. तुमची गाडी जुनी आहे म्हणून बहुधा हा प्रश्न येणार नाही, तरी सीटच्या शिवणीवर एअरबॅगचा टॅग आहे का आणि कुठल्या बाजूला आहे ते बघून घ्या.

फ्लोअरला भोक पाडायचं नाही. त्या पत्र्याच्या खालून ब्रेकचे पाइप, फ्युएल लाइन, हँडब्रेकची केबल, सायलेन्सरचा पाइप ह्यातलं काही ना काही जात असतं आणि वरून काही दिसत नाही. शिवाय भोकाच्या कडेला रंग उडतो, तिथून गंज सुरू होतो. त्याची गरजही नसते, ते पुढं सांगतो.

आता पुठ्ठा. सगळ्या कामात माझा सर्वात जास्त वेळ इथं जातो आणि तुम्हीही इथंच वेळ घालवा. जुन्या खोक्यांचा जाड पुठ्ठा आणि मास्किंग टेप घ्या. मधल्या उंचवट्याचा आकार सपाट नसतो, पुढून मागं उतार असतो आणि आडवा गोल असतो, त्यामुळं आधी बाजूच्या दोन भिंती कापा, ढोबळ कापा, जागेवर उभ्या धरा आणि खालची फट बघत बघत छाटत जा. पेन्सिलला वायसर लावून तो उंचवट्यावरून फिरवला की पुठ्ठ्यावर समांतर रेघ पडते, त्या रेघेवर कापलं की आकार बरोबर उतरतो. एक बाजू जमली की ती उलटी करून दुसऱ्या बाजूला लावू नका, दुसरी बाजू वेगळी काढा, कारण उंचवटा दोन्हीकडं सारखा असेलच असं नाही आणि हँडब्रेक बऱ्याच गाड्यांत मध्यावर नसतोच.

उंची कोपरावरून ठरते. नेहमी बसता तसं बसा, खांदे सैल सोडा, कोपर काटकोनात दुमडा आणि दाराकडचा आर्मरेस्ट जिथं लागतो तीच उंची मधल्या बाजूला धरा. एक खांदा वर आणि एक खाली राहिला तर तासाभरात पाठीत कळतं. गाडी दोघं चालवत असाल तर दोघांच्या सीटच्या जागेवर बघा, उंची जुळत नसेल तर जो ठेंगणा आहे आणि सीट पुढं घेऊन बसतो त्याच्या गिअरच्या हालचालीला मान द्या, कारण आर्मरेस्ट फार पुढं आला की दुसरा, चौथा आणि बऱ्याच गाड्यांत रिव्हर्स टाकताना कोपर आपटतं. आर्मरेस्ट गिअरच्या किती जवळ यावा ह्याला सगळ्यांना लागू होईल असं माप नाही, हात मागं पूर्ण ओढून बघायचा.

पुठ्ठ्याचा कन्सोल टेपनी चिकटवून तसाच गाडीत राहू द्या. पहिल्यांदा फक्त उभ्या गाडीत सगळ्या हालचाली करा, कुठं अडत नाही ह्याची खात्री झाली की मगच रोज वापरा, आणि तो सुटून ड्रायव्हरच्या पायाकडं घसरणार नाही असा पक्का टेप करा. चार-आठ दिवसांत पुठ्ठा स्वतःच सांगतो. जिथं मळतो, दबतो, कोपरा मोडतो तिथं तुमचा हात किंवा गुडघा लागतोय. माझ्याकडं एकाला मोठा खोल खण हवा होता, पुठ्ठ्याचा वापरल्यावर त्याच्या लक्षात आलं की त्याला हाताशी फक्त चष्मा, मोबाईल आणि सुटे पैसे लागतात, बाकी सगळं तळाशी जाऊन सापडत नव्हतं. मग आम्ही खोल खण लहान केला आणि पुढं उथळ ट्रे मोठा केला. हे प्लाय कापल्यावर कळलं असतं तर पत्रा-फळी सगळं वाया गेलं असतं.

आता बसवणं. भिंत किती जाड ह्यापेक्षा कन्सोल कशाला धरून बसलाय हे महत्त्वाचं. हिशोब साधा आहे. अमेरिकेच्या एफएमव्हीएसएस २०१ ह्या नियमात गाडीच्या आतल्या झाकणाच्या खणांची दारं बंद राहतात का हे तपासताना पुढच्या दिशेनं ३० जी, म्हणजे वस्तूच्या वजनाच्या तीसपट, इतका भार धरतात. म्हणजे तुमचा कन्सोल आतल्या सामानासकट ५ किलोचा असेल तर त्या क्षणी तो १५० किलोच्या जोरानं पुढं जायला बघतो. दुहेरी टेप, वेल्क्रो किंवा दोन सीटच्या मध्ये नुसता अडकवून बसवलेला बॉक्स ह्या जोराला थांबत नाही. आणि पुढच्यांचे कोपर ह्याच्या मार्गात असतात.

म्हणून कन्सोल दोन भागांत करा, खाली स्टीलच्या ब्रॅकेटचा तळ आणि त्यावर बॉक्स. जुना ट्रे काढला की त्याखाली कंपनीचेच बोल्ट किंवा स्टड असतात, बहुतेक वेळा एम६ चे, म्हणजे ६ मिमी व्यासाचे. २ मिमी जाड स्टीलच्या पट्टीचे ब्रॅकेट करा, पुढं दोन आणि मागं दोन अशा चार ठिकाणी तरी धरा. हँडब्रेकच्या माउंटिंग बोल्टपैकी एखादा घेण्याचा मोह होतो, तो नको, त्या बोल्टखाली पट्टी सरकवली की ब्रेकची पकड तुमच्या पट्टीवर अवलंबून राहते. सीट बेल्टच्या अँकरचे बोल्ट तर बिलकुल नाही. जुन्या ट्रेचे बोल्ट पुरत नसतील तर मधल्या उंचवट्यावर कंपनीनं वेल्ड केलेले दुसरे ब्रॅकेट असतात ते शोधा, कार्पेट थोडा उचलून बघितलं की सापडतात. ब्रॅकेटची भोकं लांबट करा, म्हणजे वर बॉक्स बसवताना दोन-तीन मिमी इकडंतिकडं करता येतं. ब्रॅकेट आणि बॉक्सच्या जोडाला लाकडी स्क्रू नको, आरपार बोल्ट, आतून रुंद वायसर आणि नायलॉक नट (आत नायलॉनची रिंग असलेला, आपोआप सैल न होणारा). बोल्ट सैल होऊ नये म्हणून लावतात ते निळं थ्रेडलॉक प्लास्टिकजवळ वापरू नका, एबीएस प्लास्टिकला त्यानं बारीक तडे जातात.

आता मटेरियल. गाडी उन्हात बंद उभी राहिली की डॅशबोर्डचा पृष्ठभाग ७० अंशांच्या वर जाऊ शकतो, मधला कन्सोल त्याच्यापेक्षा कमी तापतो पण काचेतून थेट ऊन पडलं तर तोही चांगलाच तापतो. पीएलए हे थ्रीडी प्रिंटचं नेहमीचं प्लास्टिक ६० अंशांच्या आसपासच मऊ पडतं, म्हणजे थ्रीडी प्रिंट पीएलएमध्ये केला तर तो आकार सोडणार, बोल्टच्या जागी तर लगेच. प्रिंटची दुसरी प्लास्टिकं म्हणजे पीईटीजी ८० च्या आसपास, एबीएस आणि एएसए १०० च्या आसपास. प्रिंटर असेल तर पूर्ण बॉक्स प्रिंट करू नका, कपहोल्डरची रिंग, स्विचचं पॅनेल, वायरीचे क्लिप असे छोटे भाग एएसएमध्ये काढा, ते फार सुंदर येतात. भार घेणारा भाग प्रिंटचा नको, थरांच्या जोडावर तो तुटतो आणि तुटला की धारदार कड उरते.

फायबरनं कुठलाही आकार येतो हे खरं, पण पॉलिस्टर रेझिनचा वास बरेच दिवस निघत राहतो, त्यातला स्टायरीन डोक्यात जातो, सेंद्रिय वाफेचा मास्क लागतो आणि घासायला प्रचंड वेळ जातो. गाडीच्या आत तर रेझिन ओतायचंच नाही. पहिलाच कन्सोल असेल तर फायबर सोडा. एमडीएफ कापायला गुळगुळीत पण वजनदार, कडेला स्क्रू धरत नाही आणि एकदा पाणी सांडलं की फुगतो, कपहोल्डर असलेल्या वस्तूला हे चालणार नाही.

तुमच्याकडच्या हत्यारांत प्लाय बसतो. बर्च प्लाय मिळाला तर उत्तम, नाहीतर पोकळी नसलेला, बऱ्याच थरांचा कुठलाही चांगला प्लाय. जाडीचा हिशोब करून दाखवतो. समजा बॉक्स ४० सेमी लांब, १८ सेमी रुंद आणि २५ सेमी उंच, झाकणासकट साधारण ०.४३ चौरस मीटर प्लाय लागतो. १२ मिमीमध्ये त्याचं वजन साडेतीन किलोच्या आसपास, ९ मिमीमध्ये २.६ च्या आसपास. आणि रुंदीत १२ मिमीच्या दोन भिंती २४ मिमी खातात, ९ च्या १८, १८ सेमीच्या फटीत हे ६ मिमी फार असतात कारण बाहेरून रेक्झिन आणि आतून अस्तर येऊन अजून जागा जाते. मी भिंती ९ मिमी घेतो, तळ आणि बिजागरीची बाजू १२. जोडाला खाचा आणि वॉटरप्रूफ वुड ग्लू, स्क्रू फक्त गोंद वाळेपर्यंत धरायला. आतल्या कोपऱ्यांत त्रिकोणी पट्ट्या लावल्या की बॉक्स पिळला जात नाही.

सगळ्या कडा गोल करा. युरोपातल्या ईसीई आर२१ नियमात डोकं आपटू शकतं अशा भागातल्या कडक कडांची गोलाई किमान २.५ मिमी मागितलीय, मी ५-६ मिमी घेतो, अंगाला लागलं तरी कापत नाही आणि रेक्झिनही अशा कडेवर छान बसतं. कापल्यावर सगळ्या बाजूंना, कपहोल्डरच्या भोकाच्या कडेला पण, सीलरचे दोन हात द्या.

कपहोल्डरचं माप घरातल्या एका आवडत्या बाटलीवरून घेऊ नका. पेयाचा नेहमीचा कॅन ६६ मिमी व्यासाचा असतो, भोक ७५ ते ८० मिमी आणि खोली ६५ ते ७० मिमी ठेवली की कॅनही बसतो आणि बरेच मग, बाटल्याही, फक्त बारीक वस्तू डोलू नये म्हणून आतून रबराचे तीन ओठ लावा. आत बाहेर काढून धुता येईल असा कप हवा, कारण तिथं काही ना काही सांडणारच, आणि त्याच्या बरोबर खाली चार्जर किंवा वायरीचा जोड ठेवू नका. भरलेली उंच बाटली ठेवून सगळे गिअर टाकून बघा, हात बाटलीला लागत असेल तर होल्डर मागं सरकवा.

रेक्झिन चढवणं हे खरं हाताचं काम आहे. ताणलं जाणारं रेक्झिन घ्या, ज्याच्या मागं विणलेली होजियरी असते, मागं कडक कापड असलेलं रेक्झिन कोपऱ्यावर वळत नाही आणि कितीही गरम करा सुरकुत्या राहतात. गाडीसाठीचं म्हणून विकलेलंच घ्या, कारण गाडीच्या आतल्या कापडांना जळण्याच्या वेगाची मर्यादा असते, एफएमव्हीएसएस ३०२ मध्ये ती मिनिटाला १०२ मिमी आहे, घरच्या सोफ्याचा कुठलातरी फोम आणि रेक्झिन ह्या चाचणीतून गेलेलं नसतं. चिकटवायचं सोल्युशन उष्णता सहन करणारं हवं, डब्यावर ८०-९० अंशांच्या वरचा आकडा लिहिलेला असतो तो बघा. साधं सोल्युशन उन्हात सुटतं आणि कडा उलगडायला लागतात, हॉट ग्लूचंही तेच.

सोल्युशन दोन्ही बाजूंना पातळ लावा आणि थांबा. बोटाचं मागचं पेर हळूच टेकवा, चिकट लागतं पण बोटाला तार येत नाही, ती वेळ. त्याच्या आधी चिकटवलं तर आत ओल अडकून फुगे येतात. मधून सुरुवात करा आणि तळव्यानं बाहेरच्या बाजूला दाबत जा. बाहेरच्या कोपऱ्यावर आधी दोन्ही सरळ बाजू आत दुमडून चिकटवा, मग कोपऱ्यावर जो कान उभा राहतो तो हीट गननं कोमट करून अंगठ्यानं खाली ओढा, हळूहळू, एका दमात नाही, ओढताना रेक्झिनची जाळी पांढरट दिसायला लागली की थांबा कारण त्यापुढं तो पातळ होऊन नंतर तिथंच फाटतो. उरलेला जादा भाग आतल्या बाजूला छोट्या त्रिकोणी खाचा मारून बसवा. आतल्या कोपऱ्यात उलट, ४५ अंशात कापावं लागतं आणि काप कोपऱ्याच्या टोकापर्यंत न्यायचा नाही, २-३ मिमी आधी थांबायचा, उरलेलं ताणून बसतं. हा काप १ मिमी जास्त गेला तरी समोरून प्लाय दिसतो, म्हणून आधी टाकाऊ तुकड्यावर हात बसवा.

झाकण बॉक्सच्या आत बसणारं करण्यापेक्षा वर टेकणारं करा. आत बसणाऱ्या झाकणाला चारही बाजूंनी रेक्झिनची जाडी दोनदा मोजावी लागते, एकदा झाकणाची आणि एकदा भिंतीची, आणि ते विसरलं की झाकण अडकतं. वर टेकणाऱ्याला ही कटकट नाही. आर्मरेस्टसाठी खाली १० मिमी घट्ट फोम आणि वर ५ मिमी मऊ, नुसता मऊ फोम महिन्याभरात चपटा होऊन कोपराला लाकूड लागतं. बिजागरी मागच्या बाजूला, पूर्ण रुंदीची पियानो बिजागरी, आणि तिचे स्क्रू प्लायच्या कडेत नाही तर पृष्ठभागातून जाऊ द्या किंवा टी-नट (लाकडात ठोकून बसवायचा नट) आणि बोल्ट वापरा. लोक सीटवर बसता-उठताना झाकणावर हात टेकून पूर्ण वजन टाकतात, ते धरूनच करा. लॅच मात्र धातूच्या आकड्याचा हवा. चुंबकाचा आवाज छान येतो, झाकण मऊ बसतं, तो हवा असेल तर लावा पण सोबत आकडा पाहिजेच, वर ३० जीचं सांगितलं ते इथंही लागू आहे, आतला पाना किंवा परफ्युमची बाटली उडून यायला नको.

वायरिंग थोडक्यात. ६० वॉटचा यूएसबी-सी चार्जर १२ व्होल्टवर साडेपाच-सहा अँपिअर ओढतो, त्याला १.५ चौरस मिमी तांब्याची वायर आणि १० अँपिअरचा फ्यूज पुरतो. फ्यूज कन्सोलमध्ये नको, जिथून करंट घेताय तिथं, फ्यूज बॉक्सजवळ, कारण मधली वायर घासली तर तोच वाचवणार. लाइन अशी घ्या जी चावी काढल्यावर बंद होते, आणि एअरबॅग, एबीएस ब्रेक, इंजिनच्या फ्यूजवरून अजिबात घेऊ नका. वायर सीटच्या रुळापासून लांब, कापडी टेप गुंडाळून, ब्रॅकेटच्या भोकातून जाताना रबरी ग्रोमेट. वायरलेस चार्जर बंद खणात ठेवू नका, मोबाईल तापतो आणि चार्जिंग स्वतःच कमी करतो, तो पुढच्या उघड्या ट्रेमध्ये घ्या. पॉवर बँक खणात विसरून गाडी उन्हात लावायची सवय असेल तर ती आजच सोडा.

आणि खडखड. प्लाय जिथं जिथं कंपनीच्या प्लास्टिकला टेकतो तिथं फेल्टची पट्टी, ब्रॅकेटखाली पातळ रबर नको, त्यानं बोल्ट सैल होत जातात, ब्रॅकेट पत्र्यावर थेट घट्ट आणि फेल्ट फक्त बॉक्सच्या कडांना. खणाच्या आत फेल्ट किंवा पातळ कार्पेट लावला की किल्ल्या वाजत नाहीत. पहिले काही आठवडे झाले की सगळे बोल्ट एकदा परत बघा, प्लाय थोडा दबतो आणि नट पाव-अर्धा फेरा घेतात. कुठून आवाज येतोय हे कळत नसेल तर कोणालातरी गाडी चालवायला द्या आणि तुम्ही शेजारी बसून एकेका पॅनेलवर तळवा दाबून धरा, दाबल्यावर आवाज थांबला की जागा सापडली.

आता पुढं काही नेमकं सांगायचं तर मला चार मापं लागतील. दोन्ही सीट नेहमीच्या जागेवर असताना मधली फट पुढं किती आणि मागं किती, हँडब्रेक पूर्ण ओढल्यावर त्याचं टोक उंचवट्यापासून किती वर, दाराच्या आर्मरेस्टची उंची त्याच उंचवट्यापासून किती, आणि जुना ट्रे काढल्यावर खाली जे बोल्ट दिसतात त्यांच्यातलं अंतर. ट्रे काढलेला फोटो वरून सरळ काढा, शेजारी मोजपट्टी ठेवून, पिवळे कनेक्टर कुठं आहेत ते त्यात दिसू द्या. त्यावरून ब्रॅकेट कुठं धरायचे ते मी काढून देतो, तोपर्यंत प्लाय आणू नका, पुठ्ठा कापायला घ्या.